चोवीस शब्द, तीन चिठ्ठ्या आणि न आठवलेला पासफ्रेज

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत, नोकरी करतात. गेली काही वर्षं पगारातून थोडं थोडं बाजूला काढून त्यांनी बिटकॉइन आणि इथर घेतलं. आज घरच्या बचतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यात आहे. २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज (क्रिप्टोची खरेदी-विक्री करणारी आणि ते ग्राहकांच्या नावे सांभाळणारी कंपनी) बुडाल्यावर त्यांनी सगळं हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे क्रिप्टोची गुप्त किल्ली आत जपणाऱ्या छोट्या उपकरणावर, हलवलं. सीडचे (ज्यांतून ती किल्ली पुन्हा तयार करता येते ते) चोवीस शब्द आठ-आठ करून तीन चिठ्ठ्यांवर लिहिले, त्यातही दोन शब्दांची अदलाबदल केली, वर एक पासफ्रेज (शब्दांना जोडायचा आणखी एक गुप्त मजकूर) लावला आणि तो फक्त डोक्यात ठेवला. शब्द उतरवताना तात्पुरता म्हणून मोबाइलवर फोटो काढला होता, तो दुसऱ्या दिवशी पुसला. गेल्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी वॉलेट उघडलं तर शिल्लक शून्य दिसली. पासफ्रेजमधलं एक अक्षर कॅपिटल होतं हे पाचव्या प्रयत्नात आठवलं. तेव्हापासून झोप लागत नाही. नवऱ्याला यातलं काहीच ठाऊक नाही, ऑफिसातल्या तीन-चार जणांना मात्र ठाऊक आहे. त्या विचारतात : आता मल्टिसिग (पैसे हलवायला एकाहून जास्त किल्ल्या लागणारी व्यवस्था) करू का? की सगळं परत एक्स्चेंजवर टाकून मोकळी होऊ? आणि घरी सांगणं म्हणजे आणखी एक धोका वाढवणं नाही का?

नमस्कार,

तुमच्या पत्रात चोराचा उल्लेख पानोपानी आहे. पण इतक्या वर्षांत पैसे गेल्याचा धसका तुम्हाला एकदाच बसला, आणि तेव्हा चोर कुठेच नव्हता. तुम्हीच लावलेलं कुलूप तुम्हाला उघडत नव्हतं. उत्तराची सुरुवात मला इथूनच करायची आहे, कारण तुमचे तिन्ही प्रश्न एकाच गृहीतकावर उभे आहेत : जितके अडथळे जास्त, तितकी सुरक्षितता जास्त.

क्रिप्टो कशाकशाने जातं ते आधी पाहू. चोवीस शब्दांमागे २५६ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा २५६ अंकांचा, यादृच्छिक आकडा असतो. तो अंदाजाने शोधून काढणं आज कुणालाही शक्य नाही, आणि तशी चोरी कुणी करतही नाही. पैसे जातात ते दुसऱ्या वाटांनी. कधी ज्यांच्याकडे ठेवले ते बुडतात : २०१४ मध्ये माउंट गॉक्स या एक्स्चेंजने साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं जाहीर केलं, त्यातले दोन लाख पुढे सापडले. कधी मालक स्वतःच खोट्या पानावर शब्द टाइप करतो किंवा न वाचता व्यवहारावर सही करतो, म्हणजे वॉलेटमधून मंजुरी देतो. आणि कधी काहीच चोरीला जात नाही, फक्त वाट बंद होते. वेल्समधल्या न्यूपोर्ट इथे जेम्स हॉवेल्स यांची सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. स्टीफन थॉमस यांचे ७,००२ बिटकॉइन एका कूटबद्ध पेनड्राइव्हमध्ये अडकले. दहा प्रयत्नांची मुभा होती, त्यातले आठ संपले आणि पासवर्ड काही आठवला नाही.

म्हणून कुठलीही व्यवस्था तपासताना मी एकच कसोटी लावते. एक चोरी, एक आग, एक विसर, एक चुकीचा क्लिक किंवा एका माणसाचं अचानक नसणं, यांपैकी कोणत्याही एकाच गोष्टीने सगळं जाता कामा नये. दोन गोष्टी एकदम घडल्या तर गेलं, तेवढं आपण मान्य करू. पण एकीने नाही. तुमची आजची व्यवस्था या कसोटीवर लावून पाहा.

तीन चिठ्ठ्या तिन्ही लागतात. एखादी चोराला मिळाली तर काही बिघडत नाही, हे खरं. पण एखादी हरवली, भिजली किंवा दिवाळीच्या रद्दीबरोबर गेली, तर उरलेल्या सोळा शब्दांवरून बाकीचे आठ शोधणं म्हणजे २ चा ८० वा घात इतक्या शक्यता तपासणं. ते तुम्हालाही जमणार नाही आणि तुमच्यासाठी दुसऱ्या कुणालाही. म्हणजे चोरीचा धोका कमी करताना हरवण्याचा धोका तुम्ही तिप्पट केलात.

शब्दांची अदलाबदल तर त्याहून वाईट. चोवीस शब्दांपैकी कुठल्याही दोघांची जागा बदलण्याचे प्रकार एकूण २७६. ज्याच्या हाती सगळे शब्द पडतील, त्याचा संगणक हे २७६ प्रकार डोळ्याची पापणी लवेपर्यंत तपासतो. उलट तुमच्या नवऱ्याचा विचार करा. शेवटच्या शब्दात आठ बिटांची तपासणी दडलेली असते, त्यामुळे अदलाबदल केलेले शब्द टाकले की वॉलेट जवळपास नेहमीच 'शब्द चुकीचे आहेत' एवढंच सांगतं. तो माणूस समजेल की चिठ्ठ्याच खोट्या आहेत. स्वतः शोधलेल्या अशा युक्त्या, म्हणजे उलटा क्रम, एक शब्द गाळणं, मध्ये खोटा शब्द घालणं, चोराला क्षणभर थांबवतात आणि वारसाला कायमचं. एकही ठेवू नका.

आता पासफ्रेज. तुम्हाला शून्य का दिसलं ते नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल. पासवर्ड चुकला की वेबसाइट चूक दाखवते. सीडच्या पासफ्रेजचं तसं नाही. जो पासफ्रेज टाकाल त्याचं एक वेगळं, पूर्ण वैध वॉलेट तयार होतं. एक जागा जास्त, एक अक्षर कॅपिटल, की दुसरंच वॉलेट, आणि ते अर्थातच रिकामं. उपकरणाला कुठला 'बरोबर' हे माहीतच नसतं. म्हणून तो कधीही नुसता डोक्यात ठेवायचा नाही. ताप, अपघात, भूल, नुसतं वाढतं वय, काहीही त्याला पुसू शकतं.

पण पासफ्रेज टाकून द्या असंही मी म्हणणार नाही, कारण नीट लिहून ठेवला तर तो या कसोटीला अगदी चपखल बसतो. अशी मांडणी करा : चोवीस शब्द सलग, खऱ्या क्रमाने, दोन प्रतींत आणि दोन वेगवेगळ्या इमारतींत. एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये, समजा. पासफ्रेजच्याही दोन प्रती, पण शब्द जिथे आहेत तिथे नाहीत : एक पासवर्ड मॅनेजरमध्ये, एक सीलबंद पाकिटात विश्वासातल्या व्यक्तीकडे. शब्दांची प्रत चोरीला गेली तर पासफ्रेजवाचून तिचा उपयोग नाही, आणि तुम्हाला पैसे हलवायला वेळ मिळतो. पासफ्रेज फुटला तर शब्दांवाचून तो निरुपयोगी. कुठलीही एक प्रत जळाली तर दुसरी आहे. मल्टिसिगकडून तुम्हाला जे हवं होतं, त्यातलं बरंचसं इथेच मिळालं.

फक्त पासफ्रेज सोपा नको. शब्दांपासून किल्ली बनवताना मधली आकडेमोड २,०४८ फेऱ्यांचीच असते, त्यामुळे शब्द हाती लागलेला चोर मुलांची नावं, जन्मतारखा, आवडत्या ओळी फार वेगाने तपासू शकतो. फाशांनी निवडलेले पाच-सहा साधे इंग्रजी शब्द घ्या, सगळे लहान अक्षरांत, मध्ये एकेक जागा. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फाशांनी काढलेल्या सहा शब्दांना सुमारे ७७ बिटांचं बळ मिळतं. एकूण लांबी ५० अक्षरांच्या आत ठेवा, कारण काही उपकरणांची मर्यादा तेवढीच आहे. देवनागरी वापरण्याचा मोह टाळा, बहुतेक उपकरणांवर ती टाइपच करता येत नाही. आणि पासफ्रेजच्या कागदावर त्या वॉलेटच्या पहिल्या पत्त्याची (पैसे मागवताना द्यायच्या अक्षर-आकड्यांच्या ओळीची) शेवटची सहा अक्षरं लिहून ठेवा. पुढच्या वेळी शून्य दिसलं तर वॉलेट चुकलं की पैसे गेले, हे दहा सेकंदांत कळेल.

तुमच्या पत्रात फोटोचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. 'दुसऱ्या दिवशी पुसला' याचा फोनच्या लेखी अर्थ 'पुसलेल्यांच्या फोल्डरमध्ये महिनाभर पडून राहिला' असा होतो. त्याआधी तो आपोआप क्लाउडवर गेला असेल, तिथून जुन्या टॅबवर उतरला असेल. २०२५ च्या सुरुवातीला 'स्पार्ककॅट' नावाचा घातक कोड गूगल आणि अॅपल, दोन्हींच्या अधिकृत अॅप दुकानांतल्या अॅपमध्ये सापडला. त्याचं काम एकच : फोनमधले फोटो वाचून त्यांत सीडचे शब्द शोधायचे. तुमचा फोटो कुणी पाहिला असेलच असं नाही. पण तो पाहिला नाही याची खात्री तुम्हाला कधीच करता येणार नाही, आणि तुमच्या नव्या झोपेसाठी तीच खात्री लागणार आहे. ही सीड बाद समजा. असंही सगळं नव्याने मांडायचं आहे, तर नव्या शब्दांनीच मांडू.

शक्य असेल तर दुसरं हार्डवेअर वॉलेट घ्या. जुनं जुन्या सीडवर राहील, नवं नव्यावर, आणि घाईत काही पुसलं जाणार नाही. ते थेट उत्पादकाकडून घ्या. डब्यावरच्या सीलवर विसंबू नका, सील पुन्हा चिकटवता येतं. खरी खूण ही की उपकरण कोरं असलं पाहिजे आणि शब्द तुमच्यासमोर त्याच्याच पडद्यावर तयार झाले पाहिजेत. डब्यात आधीच लिहिलेले शब्द किंवा आधीच ठरवलेला पिन मिळाला, तर ते चोराने पाठवलेलं आहे, मग कागद कितीही सुबक छापलेला असो.

खोलीत एकट्या बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. शब्द आकड्यांसह कॅपिटल अक्षरांत लिहा. शब्दयादीत २,०४८ शब्द आहेत आणि प्रत्येकाची पहिली चार अक्षरं एकमेव असतात, त्यामुळे ती चार स्पष्ट असली की शब्द सापडतोच. जेल पेनची शाई पाण्याने फुटते. पेन्सिल किंवा साधं बॉलपेन वापरा. रक्कम मोठी आहे, तेव्हा निदान एक प्रत स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्या, तीही स्वतःच्या हाताने, कोरून देणाऱ्याकडे नेऊन नव्हे. स्टेनलेस स्टील साधारण १,४०० अंश सेल्सियसला वितळतं, अॅल्युमिनियम ६६० लाच. घराला लागलेली आग ६६० च्या पलीकडे जाऊ शकते, म्हणून स्वस्तातली अॅल्युमिनियमची पट्टी घेऊ नका.

आणि आता ती पायरी, जी जवळजवळ सगळे गाळतात. नव्या वॉलेटमध्ये एकही पैसा टाकण्याआधी ते पुसा. पहिला पत्ता टिपून ठेवा, मग मुद्दाम चुकीचा पिन टाका (लेजर कंपनीचं उपकरण तीन चुकांनंतर पुसलं जातं, ट्रेझर कंपनीचं सोळांनंतर) किंवा सेटिंगमधून रिसेट करा. कागदावरचे शब्द आणि कागदावरचा पासफ्रेज टाकून पुन्हा उभं करा. आठवणीतून नाही, कागद वाचूनच. तोच पत्ता आला तर तुमच्या प्रती खऱ्या आहेत. 'एम' आणि 'एन'चा घोटाळा, सातवा शब्द दोनदा लिहिणं, पासफ्रेजमागे नकळत पडलेली जागा, हे सगळं याच पायरीवर सापडतं, तेही काही गमावण्याच्या आत. नंतर थोडी रक्कम आत घ्या आणि त्यातली थोडी बाहेर पाठवून पाहा. येतं म्हणजे जातं असं नाही, दोन्ही दिशा तपासा.

मग मोठी रक्कम, एकदम नाही, तीन-चार हप्त्यांत. इथरच्या बाजूला एक क्रम पाळा : इथेरियमवरचे (इथर ज्या साखळीवर चालतं तिच्यावरचे) बाकी टोकन, म्हणजे इतर नाणी, आधी हलवा आणि इथर शेवटी. टोकन पाठवण्याचं शुल्क इथरमध्येच भरावं लागतं. इथर आधी रिकामं केलं तर टोकन जुन्या पत्त्यावर अडकतात आणि मग तिथे पुन्हा इथर पाठवावं लागतं. काही स्टेकिंगमध्ये (परताव्यासाठी अडकवून ठेवलेलं) असेल तर ते सुटायला वेळ लागतो, त्याची मागणी आधी टाका.

जाता जाता : शब्दांच्या प्रतीबरोबर एक ओळ लिहा, कुठल्या बनावटीचं वॉलेट, कुठलं अॅप. वेगवेगळी अॅप एकाच सीडमधून वेगवेगळ्या मार्गांनी पत्ते काढतात. दुसऱ्या अॅपमध्ये शब्द बरोबर टाकूनही शून्य दिसू शकतं, आणि त्या घबराटीत माणूस इंटरनेटवर मदत मागायला जातो. तिथे त्याची वाट पाहणारे टपलेलेच असतात.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे, मल्टिसिग. तीनपैकी दोन किल्ल्या लागणारी व्यवस्था उत्तमच आहे, पण तुम्हाला आज नको, असं माझं स्पष्ट मत आहे. बिटकॉइनमध्ये तीनपैकी एक सीड हरवली तरी पैसे सुटतात, पण त्यासाठी तिन्हींच्या सार्वजनिक किल्ल्यांची (ज्यांवरून पत्ते तयार होतात, पण पैसे खर्च करता येत नाहीत) नोंद जपलेली हवी. लोक तीन सीड प्राणपणाने सांभाळतात, ती नोंद ठेवत नाहीत, आणि नेमकी एक सीड गेल्यावर उरलेल्या दोन असूनही वॉलेट उभं राहत नाही. इथेरियमवर मल्टिसिग हे एक कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर चालणारा प्रोग्राम, असतं, त्याची तऱ्हा निराळी. म्हणजे तुम्हाला दोन वेगळ्या व्यवस्था शिकाव्या लागतील. शिवाय मल्टिसिग आंधळ्या सहीपासून वाचवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलरचे इथर मल्टिसिगमधूनच गेले. सह्या करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही भलत्याच गोष्टीवर होत होती. वर सांगितलेली साधी व्यवस्था वर्षभर चालवा, घरातलं आणखी एक माणूस त्यात तयार होऊ द्या, मग वाटलं तर मल्टिसिगचा विचार करा.

एक्स्चेंजवर परत जाणं हा पराभव नाही, हे मात्र मनापासून सांगते. ज्यांच्याकडून वर्षातून दोनदाही प्रती तपासल्या जाणार नाहीत, ज्यांच्या घरात हे समजून घेणारं दुसरं कुणीच नाही, त्यांच्यासाठी रक्कम दोन नियमनाखालच्या एक्स्चेंजमध्ये विभागून ठेवणं हे एकाच घाबरट चिठ्ठीवर विसंबण्यापेक्षा बरं. तुमच्याबाबतीत, तुम्ही इतकं शिकला आहात तर मोठा भाग स्वतःकडे आणि खरेदी-विक्रीपुरता थोडा एक्स्चेंजवर, हे योग्य वाटतं. तिथल्या खात्यासाठी स्वतंत्र ईमेल काढा, जो दुसऱ्या कशालाही वापरणार नाही. एसएमएसवरचा ओटीपी बंद करा. तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर वळवण्यासाठी फोन कंपनीचा एक कर्मचारी फसला किंवा फितला की पुरे. मायकेल टर्पिन यांचे २०१८ मध्ये सुमारे २.४ कोटी डॉलरचे क्रिप्टो अशाच सिम-बदलीतून गेले. पासकी (पासवर्डऐवजी चालणारी लॉगिनची किल्ली) किंवा यूएसबीवर चालणारी सिक्युरिटी की वापरा, दोन घ्या आणि दोन्ही नोंदवा. पैसे काढण्याचे पत्ते आधीच मंजूर करून ठेवण्याची सोय चालू करा. नवा पत्ता जोडल्यावर बरीच एक्स्चेंज काही काळ पैसे काढू देत नाहीत, आणि चोरी कळायला तेवढा वेळ पुष्कळदा पुरतो. अन् हे सगळं करून ईमेलचं खातं उघडं ठेवू नका. पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते. ईमेललाही तीच सिक्युरिटी की लावा, आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर काढून टाका.

आता ज्या सवयींवर रोजची सुरक्षितता खरोखर टिकते त्या. पहिली : ते चोवीस शब्द हार्डवेअर वॉलेटच्या स्वतःच्या बटणांशिवाय किंवा पडद्याशिवाय कशावरही टाइप करायचे नाहीत. कीबोर्डवर नाही, फोनवर नाही, पासवर्ड मॅनेजरमध्येही नाही. लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून २०२२ मध्ये ग्राहकांच्या कूटबद्ध तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, आणि त्यात सीड ठेवणाऱ्यांना पुढची कित्येक वर्षं धास्ती राहिली. एकटा पासफ्रेज तिथे चालतो, कारण तो एकटा काही उघडत नाही. वॉलेट कंपनी, एक्स्चेंज, पोलीस, करखातं, कुणालाही तुमचे शब्द लागत नाहीत. मागणारा चोरच. हे फोन आणि ईमेलपुरतं मर्यादित नाही. लेजरच्या २०२० च्या माहितीगळतीत सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर उघड झाले. त्यानंतर लोकांच्या घरी टपालाने बनावट उपकरणं आली, क्यूआर कोड छापलेली 'तातडीची' पत्रं आली. कागदावर आलं म्हणून खरं मानू नका.

दुसरी सवय पत्त्यांची. चोर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखा, सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता तयार करतो, त्यावरून तुम्हाला शून्य किंवा नगण्य रकमेचा व्यवहार पाठवतो, आणि तुम्ही पुढच्या वेळी इतिहासातून पत्ता कॉपी कराल याची वाट पाहतो. मे २०२४ मध्ये एकाच व्यवहारात १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं प्रतिरूप), म्हणजे जवळजवळ सात कोटी डॉलर, अशा पत्त्यावर गेले. ते नंतर वाटाघाटीतून परत आले, पण अशी परतफेड क्वचितच होते. इतिहासातून पत्ता कधीही उचलू नका. कॉपी-पेस्ट करतानाही मध्येच पत्ता बदलणारे व्हायरस असतात, म्हणून अंतिम पत्ता हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर पाहून संपूर्ण जुळवा, मधली अक्षरंसुद्धा. पैसे मागवतानाही तसंच, पत्ता उपकरणावर दाखवून मगच द्या.

तिसरी : साठवणीचं वॉलेट कुठल्याही वेबसाइटला जोडायचं नाही. टोकन वापरण्याची परवानगी मागणारी सही बहुधा अमर्याद रकमेची असते. काही परवानग्या तर नुसत्या संदेशावरच्या सहीने दिल्या जातात. त्याला शुल्क पडत नाही, साखळीवर (व्यवहारांच्या जाहीर नोंदवहीत) त्या क्षणी काही दिसत नाही, आणि टोकन जातात नंतर कधीतरी. हार्डवेअर वॉलेट किल्ली लपवतं, तुमचा होकार ते तपासत नाही. काही करून पाहायचंच असेल तर वेगळ्या सीडचं छोटं वॉलेट ठेवा, त्यात गेलं तर चालेल एवढंच टाका. उपकरणातली 'ब्लाइंड सायनिंग'ची, म्हणजे तपशील न दिसता सही करण्याची, सोय बंद असू द्या.

आता घर. तुम्ही विचारता, सांगणं म्हणजे धोका वाढवणं नाही का? यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. हे पैसे आहेत हे माहीत असणं, तिथपर्यंत कसं पोचायचं हे माहीत असणं, आणि आत्ता या क्षणी ते खर्च करता येणं. नवऱ्याला पहिल्या दोन सांगा. तिसरी द्यायची की नाही हा तुमच्या दोघांमधला प्रश्न आहे, पासफ्रेजचं पाकीट तिसऱ्या व्यक्तीकडे असल्याने ती आपोआप रोखून ठेवता येते. आज तुमच्या बचतीचा तिसरा हिस्सा तुमच्या एकटीच्या शुद्धीवर अवलंबून आहे. माझ्या मते तुमच्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी फट ती आहे. ऑफिसातल्यांना ठाऊक आणि घरी नाही, हे तर उलटंच झालं.

नवऱ्यासाठी एक पत्र लिहा. त्यात शब्द नकोत, पासफ्रेज नको. काय काय आहे, उपकरण कुठे, शब्दांच्या दोन प्रती कुठे, पासफ्रेजचं पाकीट कुणाकडे. आणि त्यांच्यासाठी या सूचना : घाई करू नका, महिनाभर काहीच केलं नाही तरी पैसे कुठे जात नाहीत. शब्द फक्त उपकरणातच टाका. मदत करतो म्हणून आपणहून फोन करणाऱ्याला काहीही सांगू नका. आधी छोटी रक्कम पाठवून पाहा. तुमच्या मृत्युपत्रात 'डिजिटल मालमत्ता' असा उल्लेख असू द्या, पण शब्द तिथे लिहू नका, ते कागद बऱ्याच हातांतून जातात. आणि एका रविवारी रिकाम्या उपकरणावर सरावाची सीड तयार करून ती त्यांच्याच हाताने पुन्हा उभी करून घ्या. तुम्ही शेजारी बसा, बोलू नका. जिथे ते अडतील, तिथे तुमचं पत्र अपुरं आहे.

ऑफिसातल्यांना कळलं ते आता परत घेता येत नाही. पण विषय तिथेच थांबवा. रक्कम, भाव वाढल्याचा आनंद, स्क्रीनशॉट, काहीच नको. जबरदस्तीचे प्रकार काल्पनिक नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकाचं खंडणीसाठी अपहरण झालं होतं. पासफ्रेजशिवाय उघडणाऱ्या वॉलेटमध्ये थोडी रक्कम ठेवा. प्रसंग आलाच तर ते दाखवता येतं. तेवढ्यावर भागलं नाही तर सगळं देऊन टाका. जिवापुढे कुठल्याही व्यवस्थेची पर्वा करायची नाही.

वर्षातून दोन तारखा ठरवा. त्या दिवशी दोन्ही प्रती वाचता येतात का पाहा, पासफ्रेज कागदावरून टाकून पत्त्याची शेवटची अक्षरं जुळवा, फर्मवेअरचं (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट असेल तर कंपनीच्या अॅपमधूनच घ्या, आणि अपडेटआधी शब्दांची प्रत हाताशी आहे याची खात्री करा.

कधी काही गेलंच, तर पहिल्यांदा उरलेलं नव्या सीडवर हलवा, मग व्यवहाराचे क्रमांक टिपून सायबर पोलिसांत आणि संबंधित एक्स्चेंजकडे तक्रार करा. 'पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा' म्हणणारे त्याच दिवशी तुम्हाला शोधत येतील. त्यांना उत्तरही देऊ नका.

आणि जुन्या तीन चिठ्ठ्या लगेच फाडू नका. जुन्या पत्त्यावर अजून कुणी पैसे पाठवू शकतं, एखादं विसरलेलं टोकन तिथे निघू शकतं. शब्दांची अदलाबदल दुरुस्त करून, पासफ्रेज लिहून, 'जुनं, रिकामं' असं ठळक लिहून सहा महिने ठेवा. मधूनमधून शिल्लक पाहा. तोवर काही आलं नाही, तर जाळून टाका.